नदीकडचं चाक

माझी बायको अलकनंदा गेल्याचं मला काश्मिरी गेटच्या बाजारात कळलं. सकाळचे साडेअकरा वाजले होते. दुकानदार मी नेलेल्या ब्रेकच्या जुन्या रबरी सीलला नवं सील लावून बघत होता. मी काउंटरवर कोपर टेकून उभा होतो. फोन वाजला. हरीशचा होता.

हरीश आमच्या शेजारच्या पट्ट्यात झेंडू आणि मुळा करतो. बदायूंकडचा माणूस, घाईघाईत बोलणारा. पण त्या दिवशी सावकाश बोलला. "चाचा, आप सीधे अस्पताल आ जाओ."

मी विचारलं, "चाची कैसी है?"

मागं गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते. मग तो म्हणाला, "आप आ जाओ." मला कळलं. दुकानदार म्हणाला, सील बरोबर आहे, बांधून देऊ का. मी हो म्हणालो. पुडी घेतली, ब्रेक ऑइलचा डबा घेतला आणि मेट्रोत बसलो. अजून मला नवल वाटतं की मी ती पुडी घेतली.

झालं होतं ते असं. दहाच्या सुमाराला ती फुलं तोडत होती, तिच्या छातीत कळ आली. घरात गाडी होती, पण विटांवर उभी होती. पुढची दोन्ही चाकं मीच सकाळी सहाला काढली होती. हरीशनं तिला रेड्याच्या बुग्गीत घातलं आणि पुश्त्यापर्यंत नेलं. पुश्ता म्हणजे यमुनेचं पाणी अडवायला घातलेला मातीचा उंच बांध. त्याच्या अलीकडे आमची शेतं आणि नदी, पलीकडे नोएडाचे सेक्टर. बुग्गीला तिथवर जायला चाळीस मिनिटं लागली. माझ्या गाडीला सात लागतात.

हे सात मिनिटांचं मी कुणाला बोललो नाही. बोलायची गरज नव्हती, तिथं राहणाऱ्या सगळ्यांना रस्ता माहीत आहे.

मी मूळचा खटाव तालुक्यातला. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका ऑफिसात एकतीस वर्षं ड्रायव्हर होतो. ऑफिसच्या गाड्यांची बारीकसारीक कामं मीच करायचो, दुसऱ्याचा हात लागलेला मला खपायचा नाही. निवृत्त झालो, क्वार्टर सोडायला लागलं. गावाकडं जाऊ म्हटलं तर अलकनंदा म्हणाली, पोरगी इथं आहे, मी कुठं जाऊ. पण सिमेंटवर लई दिवस काढले, आता मातीवर राहू. म्हणून नदीकाठच्या खादरात, म्हणजे पुराचं पाणी येतं त्या पट्टीत, जमीन कसायला घेतली. दोन खोल्या, एक कडुनिंब, एक पंप. आणि फुलं मंडीत न्यायला हा जुना छोटा ट्रक. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम.

गाडीचं काम करताना ती मदतीला असायची. मी चाकाशी, ती वर सीटवर पेडलवर पाय ठेवून. आमच्यात डावं-उजवं कधी नव्हतं. ती सीटवरून बघायची, मी समोरून बघायचो, तिचं डावं ते माझं उजवं व्हायचं आणि भांडण व्हायचं. मग तीच म्हणाली, आपण नदीकडचं आणि पुश्त्याकडचं म्हणू. गाडी कायम कडुनिंबाकडं तोंड करून उभी असते, मग चुकायचं कशाला. त्या सकाळी मी कॅलिपर उतरवले. डिस्कवर पॅड दाबून धरतो तो लोखंडी ठोकळा म्हणजे कॅलिपर. तिनं क्रेटवर नाव घालायचा पांढरा रंग घेतला आणि काडीनं एकावर 'न' लिहिलं, दुसऱ्यावर 'पु'. चौथी शिकलेली होती. अक्षर मोठं आणि ठसठशीत.

माझा धाकटा भाऊ दिनकर गावाकडनं दुसऱ्या दिवशी आला. मुलगी मैत्रेयी नोएडात एका टीव्ही चॅनलच्या ऑफिसात आहे, तिथंच खोली घेऊन राहते. ती सुट्टी टाकून घरी आली. दहावा झाला, तेरावा झाला. मी काय करत होतो ते मला नीट आठवत नाही. सोळाव्या दिवशी सकाळी उठलो आणि गाडीकडं गेलो. दोन्ही कॅलिपरना नवे सील घातले, नवे पॅड घातले. 'न' नदीकडं बसवला, 'पु' पुश्त्याकडं बसवला. मैत्रेयीला वर बसवून ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली. पेडल दाबलं तर पाय फळीपर्यंत गेला. स्पंजावर पाय ठेवल्यासारखं.

परत हवा काढली. तसंच. मी फडकं टाकलं आणि आत जाऊन पडलो. दोन दिवस गाडीकडं गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी आलं.

आमच्याकडं पाऊस नव्हता. कडक ऊन होतं, आभाळ धुतल्यासारखं. पाऊस वर पहाडात झाला होता आणि बॅरेजमधून पाणी सोडलं होतं. ते आमच्यापर्यंत पोचायला दीड-दोन दिवस लागतात. सकाळपासून पुश्त्यावरून सरकारी जीप फिरत होती. भोंग्यावरून सांगत होती की चार वाजेपर्यंत खादर रिकामं करा. शेवटच्या दोन वाफ्यांत पाणी दिसत होतं, पण ते नदीकडून वाहत आलं नव्हतं, खालून वाळूतून वर झिरपत होतं. मुंग्या कडुनिंबावर चढायला लागल्या होत्या.

आमच्या टापूत सात घरं. पोरंसोरं धरून एकवीस माणसं. बुग्गी एकच, हरीशची, आणि ती सकाळी सातलाच जनावरं आणि पंप घेऊन गेली होती. दोन खेपांत रेडा फेसाळला. साडेअकराला हरीश चालत माझ्या अंगणात आला. अंगावर चिखल, हातात रेड्याची दोरी तशीच.

"चाचा, गाडी?"

"ब्रेक नहीं है."

"थोड़ा भी नहीं?"

"थोडा म्हंजे काय? पेडल नीचे तक जाता है."

त्यानं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अम्मा को बुग्गी में लिटाऊंगा तो बच्चे रह जाएंगे. बच्चे बिठाऊंगा तो अम्मा." त्याची आई गेल्या वर्षीपासून एका अंगानं लुळी आहे. त्यानं तक्रार केली नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं आणि उभा राहिला.

मैत्रेयी दारातून म्हणाली, "बाबा, मी ॲपवर टेम्पो बुक करते ना."

"कर."

तिनं केला. ड्रायव्हरचा फोन आला, कुठं यायचं विचारलं, तिनं सांगितलं, त्यानं ठेवून दिला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा पुश्त्यापर्यंत आला आणि पोलिसांनी त्याला खाली उतरू दिलं नाही.

दिनकर कडुनिंबाखाली बाजेवर बसून हे सगळं बघत होता. त्याचं गुरुवारचं तिकीट होतं. गावाकडं तो ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळं इंजिन असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याचं मत असतं.

"दादा, मास्टर सिलिंडर गेलाय तुझा. म्या परवाच म्हनलं व्हतं."

"तू परवा पंपाबद्दल म्हणाला होतास."

"दोन्हीबद्दल म्हनलं."

"मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो. तो गेला असता तर पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली बसलं असतं. हे बसत नाही. धरलं की तिथंच राहतं, पण मऊ आहे. आत हवा आहे."

"मग काढ की हवा."

"दोनदा काढली."

"मग काढाय येत न्हाई तुला." तो उठून जवळ आला. "एकतीस वर्सं सायबांची गाडी चालवली म्हनं. सायब बाजूच्या सीटवर जीव मुठीत धरून बसत असतील."

मला राग यायला पाहिजे होता. पण खरं म्हणजे तीन आठवड्यांत कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. सगळे हळू बोलत होते. मी म्हणालो, "पाने आण. आणि ती सतरंजी गाडीखाली टाक."

हरीशला सांगितलं, तू माणसं आणि बोचकी इथं गोळा कर. दोन वाजेपर्यंत जमलं तर गाडीनं नेतो. नाही जमलं तर अम्माला बुग्गीत घाल, पोरं आम्ही खांद्यावर नेऊ. तो गेला.

साडेअकरा ते दोन. अडीच तास.

पहिली भीती दुसरीच होती. डब्यात ऑइल किती उरलंय ते बघितलं. तळाला चार बोटं. हवा काढताना प्रत्येक वेळी ऑइल बाहेर जातं, आणि बाहेर आलेलं परत घालता येत नाही, त्यात फेस असतो आणि घाण असते. काश्मिरी गेटला जाऊन यायला तीन तास. नोएडात जवळ कुठं मिळेल का म्हणून मैत्रेयीनं तीन दुकानांत फोन लावला. एक बंद होतं, दुसऱ्याकडं नव्हतं, तिसरा म्हणाला, या घेऊन जा. जायचं म्हणजे पुश्त्यापर्यंत चालत अर्धा तास, तिथून रिक्षा, आणि पोलीस परत आत सोडतील की नाही कुणास ठाऊक.

"मी जाते," ती म्हणाली.

"तू गेलीस तर पेडल कोण दाबणार?"

"काका."

"काकाचा पाय ट्रॅक्टरचा आहे," मी म्हणालो. "एका दणक्यात सगळं ऑइल बाहेर काढील."

दिनकर म्हणाला, "आता माझ्या पायाचं काढलंस व्हय?" पण तो मागं सरला.

मग मी ठरवलं की आधी हवा काढायची नाही. आधी शोधायचं. आंधळेपणानं हवा काढायचे निपल उघडत बसलो तर चार बोटांची दोन बोटं होतील आणि दुपार जाईल. ऑफिसात आमचा हेड मेकॅनिक होता, सुधन्वा म्हणून, तो सांगायचा की दुखतंय कुठं ते आधी दाबून बघावं. तसंच करायचं ठरवलं.

आधी चारही चाकांशी आणि पाइपांच्या जोडांशी बोट फिरवलं. कुठं ओल नाही. म्हणजे गळत नव्हतं. मग मैत्रेयीला म्हणालो, भराभर दाब. तिनं पाच-सहा वेळा दाबलं.

"आलं का वर?"

"हो, थोडा हार्ड हुआ. आता परत सॉफ्ट."

"सॉप काय म्हनतीया ती?" दिनकरनं विचारलं.

"मऊ, काका. मऊ."

"मग मऊ म्हन की. तुझ्या आईनं काय शिकिवलं."

तिनं पेडलवरचा पाय काढून घेतला. तो फडकं उचलून पाने पुसायला लागला. पाण्यावरून टिटवी ओरडत गेली.

मी म्हणालो, "मैत्रेयी, आता मी एकेक पाइप दाबून धरतो. मी म्हणेन तेव्हा दाब आणि पेडल किती खाली गेलं ते सांग. बाकी काही सांगू नको."

मागच्या चाकांकडं जाणारा एकच रबरी पाइप आहे. त्याला फडकं गुंडाळलं आणि पकडीनं आवळला, म्हणजे मागची चाकं हिशेबातून गेली. "दाब."

"तसंच आहे. खाली जातंय."

म्हणजे मागं दोष नव्हता. पकड सोडली. पुढं आलो. पुढच्या दोन्ही पाइपांना फडकी गुंडाळली, एक पकड मी धरली, दुसरी दिनकरनं. "दाब."

वरून पेडलचा आवाजच आला नाही.

"दाबलंस का?"

"दाबलंय बाबा. जातच नाहीये. दगड झालंय."

दिनकरनं माझ्याकडं बघितलं. मीही त्याच्याकडं बघितलं. मास्टर सिलिंडर ठीक होता, मागची चाकं ठीक होती. हवा पुढं होती, दोन्ही बाजूंना, कॅलिपरच्या आत. मास्टर सिलिंडरबद्दल दिनकर एक अक्षर बोलला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

पण दोनदा काढून हवा आत राहतेच कशी? मी गाडीखाली आडवा झालो. सव्वा वाजला होता. पाठीखालची सतरंजी ओली लागली. सकाळी ती जागा कोरडी होती. हात खाली घातला तर मातीत बोट सहज गेलं. पाणी जमिनीतून वर येत होतं आणि गाडी विटांवर होती. विटा खचल्या असत्या तर गाडी माझ्यावर बसली असती. दिनकरलाही ते दिसलं असणार, कारण तो क्रेटच्या फळ्या आणून विटांशेजारी ठोकायला लागला.

"दादा, लवकर बघ. जमीन भुसभुशीत झालीया."

"बघतोय."

मी नदीकडच्या चाकाशी होतो. कॅलिपर डोळ्यासमोर होता. त्यावर पांढरं 'न'. माझी नजर त्या अक्षरावर जाऊन थांबायची, त्यामुळं मी कॅलिपर बघतच नव्हतो. दोन्ही वेळा निपल हाताला लागला तिथं उघडला असणार, वर आहे की खाली ते डोक्यात शिरलंच नव्हतं. आता हात फिरवला. निपल शोधला, जिथून हवा काढतात ते छोटं नळकांडं. तो बोटाला लागेना. वरच्या अंगाला असतो. वर नव्हता. खाली हात नेला. खाली होता.

हवा कायम वर जाते. निपल खाली असेल तर तुम्ही दिवसभर पेडल मारा, ऑइल निघत राहील आणि हवा वर कोंडून राहील. हे मी एकतीस वर्षांत किती पोरांना शिकवलं असेल. निपल खाली येतो एकाच चुकीनं, एका बाजूचा कॅलिपर दुसऱ्या बाजूला बसवला तर.

मी सरपटत पुश्त्याकडच्या चाकाशी गेलो. त्याच्यावर 'पु'. निपल खाली.

मी बाहेर आलो आणि मातीतच बसलो. "हिनं उलटं लिहिलं," मी म्हणालो.

मैत्रेयी सीटवरून खाली वाकली. "काय?"

"तुझ्या आईनं खुणा उलट्या केल्या. नदीकडच्यावर पु घातलं, पुश्त्याकडच्यावर न. चुकली ती."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. का चढला ते मला त्याच वेळी कळत होतं. इतके दिवस सगळी चूक माझी होती. त्यातली एवढीशी तिच्याकडं गेली तर मला जरा श्वास घेता आला असता.

मैत्रेयी खाली उतरली. "आई असं चुकणार नाही. मी फोनवर होते तिच्याशी. ती मला सांगत होती, तुझे बाबा एक काढतात, मी एकावर लिहिते. एकाच वेळी दोन नव्हतेच तिच्या हातात."

"मग काय मी खोटं बोलतो? हे बघ ना, न आहे, नदीकडं आहे आणि उलटं बसलंय."

"बाबा, चिडू नका ना यार."

दिनकर हातोडी घेऊन उभा होता. त्यानं कडुनिंबाकडं बघितलं. मग गाडीच्या तोंडाकडं. तोंड पंपाच्या खोपीकडं होतं.

"दादा," तो म्हणाला. "गाडी म्या फिरिवली."

"काय?"

"धाव्याला. लोकांस्नी बसाय सावली नव्हती. ताडपत्री बांधायची व्हती. एक टोक कडुनिंबाला, दुसरं गाडीच्या मागच्या सांगाड्याला. मागचा सांगाडा उंच. पर गाडीचं तोंड झाडाकडं व्हतं. म्हनून चाकं तेवढी चढिवली आनि म्या, हरीश आनि चार गडी, ढकलून उलटी केली. मागनं चाकं काढून परत विटांवर घेतली." तो थांबला. "तू तिथंच बसला व्हतास. म्या तुला इचारलं. तू हूं म्हनलास."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मी गाडीकडं बघितलं आणि पहिल्यांदा मला दिसलं की ती उलटी उभी आहे. नदीकडचं चाक पुश्त्याकडं होतं. पुश्त्याकडचं नदीकडं. तिनं बरोबर लिहिलं होतं, मीही लिहिलं तसंच बसवलं होतं.

"मला बोलला का नाहीस नंतर?"

"म्या काय सांगू? गाडी उलटी हाय म्हनून? ज्याला डोळं हायत त्याला दिसतंय की." मग हळू म्हणाला, "तुला कायबी सांगायचं म्हंजी भ्याव वाटायचं."

मैत्रेयीनं मधे तोंड घातलं. "दीड वाजला."

अंगणात माणसं यायला लागली होती. बोचकी, हांडे, एक कुलर, दोन सायकली. हरीश आणि आणखी एकानं अम्माला बाजेसकट उचलून आणलं आणि कडुनिंबाखाली ठेवलं. अम्मा तोंडावर पदर घेऊन पडली होती. एक डोळा उघडा होता, त्यानं ती माझ्याकडं बघत होती.

कॅलिपर अदलाबदल करायचे तर पाइप सोडायचे, सगळं ऑइल जाणार, परत भरायचं, आणि ऑइल चार बोटं. ते जमणार नव्हतं. दुसरी युक्ती होती. कॅलिपर पाइपासकट डिस्कवरून सोडवायचा, हातात उलटा धरायचा म्हणजे निपल वर येतो, आणि पॅडच्या मधे लाकूड घालायचं, नाहीतर पेडल दाबताच पिस्टन बाहेर उडतो. हवा काढायची आणि परत तसाच, उलटाच बसवायचा. काम करतो. नीट पद्धत नाही, पण ब्रेक लागतो.

"दिनकर, डिस्कच्या जाडीचं लाकूड पाहिजे. जरासुद्धा कमी नको."

त्यानं क्रेटची फळी मोडली, डिस्कला लावून बघितली, विळ्यानं तासली, परत लावून बघितली. मी कॅलिपर सोडवला, उलटा केला, लाकूड आत घातलं. निपलवर नळी चढवली आणि दुसरं टोक बाटलीत. "दिनकर, दोन्ही हातांनी धर. हललं नाही पाहिजे. मैत्रेयी, दाब. हळू. धर."

"धरलंय."

निपल पाव आटा उघडला. नळीतून फस्स झालं आणि बुडबुडे आले. ऑइल नाही, नुसते बुडबुडे. बंद केला. "सोड."

"सोडलं."

"दाब. धर."

सहा वेळा केलं. पाचव्यांदा बुडबुडे बारीक झाले, सहाव्यांदा नळीतून अखंड ऑइल आलं, मधे काही नाही. दिनकर म्हणाला, "आलं बघ, दुधासारकं." ते दुधासारखं नव्हतं. मी निपल आवळला.

तो कॅलिपर बसवून चाक चढवलं आणि डबा बघितला. दोन बोटं.

दुसऱ्या चाकाला जाईपर्यंत अंगणाच्या नदीकडच्या कडेला पाणी दिसायला लागलं. लाटा नव्हत्या, आवाजही नव्हता. पाच मिनिटांपूर्वी जिथं पायवाट होती तिथं आता ओली चमक होती. हरीशची बायको पोरांना मोजत होती, सारखी मोजत होती. कुणी मला घाई कर म्हणालं नाही. त्याचाच जास्त ताण येत होता.

दुसरा कॅलिपर उलटा धरला. दाब, धर, सोड. चौथ्या वेळी पाइपांना ऑइल पुरवणाऱ्या वरच्या डबीतलं ऑइल खुणेच्या खाली गेलं. मैत्रेयीनं वरून ओरडून सांगितलं. त्यात सगळं उरलेलं ओतलं, डबा उलटा करून झटकला. आणखी एक वेळ जमलं असतं, दुसरी नाही. डबी रिकामी झाली की वरूनच हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून.

"दाब. धर."

"धरलंय."

उघडला. दोन मोठे बुडबुडे. मग अखंड. बंद केला. थांबलो. अजून एकदा करावं असं हात म्हणत होते. मी केलं नाही. कॅलिपर बसवला, बोल्ट आवळले, चाक चढवलं.

"सोड. आता साधं दाब, पंप करू नको."

तिनं दाबलं. "बाबा, अर्ध्यावर थांबलं." परत दाबलं. "अर्ध्यावरच. मऊ नाहीये."

"पाय उचलू नको. शंभर मोज."

तिनं मोजले. पेडल खाली बसलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी गाडी विटांवरून उतरवून रिकामी घेतली, अंगणातून शेताच्या वाटेनं शंभर पावलं नेली आणि दाबलं. थांबली. जरा उजवीकडं ओढली, पण थांबली. परत आणली. हरीशला म्हणालो, पहिल्या खेपेला अम्मा आणि पोरं. सामान नाही.

"चाचा, पक्का?"

"पक्का कुछ नहीं. मैं पहले गेअर में उतारूंगा. तू मागं चाकाला लावायला दगड घेऊन बैठ."

दिनकरही एक दगड घेऊन मागं चढला. मैत्रेयी माझ्याशेजारी बसली. मी म्हणालो, तू दुसऱ्या खेपेला ये. ती म्हणाली, "पेडलचं मला माहितीये, काकांना नाही." आणि पट्टा लावला. त्या गाडीत पट्टा कुणी कधी लावला नव्हता.

पुश्त्याचा चढ सोपा होता. चढताना ब्रेक लागत नाही. वर पोचल्यावर पलीकडं दिसलं. कच्चा उतार, माणसांच्या पायांनी आणि जनावरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला, आणि तळाशी सरळ मोठा रस्ता. त्यावरून गाड्या, कॅब, बस, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. रस्त्याच्या अलीकडं सरकारनं तंबू लावले होते, त्यात माणसं होती, पोरं खेळत होती. ब्रेक नाही लागला तर आधी तंबू, मग रस्ता.

पहिल्या गेअरमध्ये सोडली. मागच्या वजनानं गाडी ढकलायला लागली. अर्ध्या उतारावर पाय ठेवला. पेडल अर्ध्यावर आलं आणि थांबलं. गाडी उजवीकडं ओढायला लागली, मी स्टिअरिंग धरून ठेवलं. मैत्रेयीचा हात डॅशबोर्डवर होता, ती ओठ हलवून काहीतरी मोजत होती. समोर एक कुत्रं आडवं आलं. मी पूर्ण दाबलं. गाडी थांबली. उतारावर, वजनासकट, थांबली. मागून दिनकरचा आवाज आला, "दादा, दगड लावू का?"

"नको. धरलंय."

आम्ही खाली गेलो. अम्माला बाजेसकट उतरवलं. तिनं चांगल्या हातानं माझी बाही धरली आणि सोडली. दुसरी खेप केली, मग तिसरी सामानाची. चौथीला पोलिसांनी अडवलं, अंगणात गुडघाभर पाणी आहे म्हणाले. कुलर तिथंच राहिला.

संध्याकाळी तंबूत एक कारकून वही घेऊन आला. प्रत्येक घराचं नाव, माणसं, पीक किती, जमीन कुणाच्या नावावर. दिनकर बाजूला बसून चहा पीत होता आणि हरीशला मोडक्या हिंदीत सांगत होता की त्याला पहिल्यापासूनच पुढच्या चाकांचा संशय होता. कारकुनानं माझा कागद बघितला. जमिनीचा करार अलकनंदाच्या नावावर आहे. तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि तिचीच हौस होती, म्हणून तिच्या नावावर केला.

"ये कहां हैं? इनके साइन लगेंगे," कारकून म्हणाला.

मैत्रेयीनं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं, सॉरी म्हणाला. मग म्हणाला, तर मग मृत्यूचा दाखला जोडा, त्याशिवाय नाव बदलता येणार नाही. त्यानं आमच्या ओळीपुढं शिसपेन्सिलीनं फुली मारली आणि पुढच्या तंबूकडं गेला.

त्याला आता अकरा दिवस झाले. पाणी उतरलं, झेंडू सगळा कुजला, घराच्या भिंतीवर कमरेएवढी गाळाची रेघ आहे. दिनकरनं तिकीट बदललं होतं, तो काल गेला. गाडी रोज चालते. कॅलिपर अजून उलटेच आहेत, ते सोडून नीट बसवायचे आहेत. अस्पतालनं दिलेली चिठ्ठी मैत्रेयीनं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, ती कोरडी आहे. मैत्रेयी म्हणते ऑनलाइन होतं, दहा मिनिटांचं काम आहे, तुम्ही फक्त शेजारी बसा. मी उद्या बसू म्हणतो. अलकनंदाच्या मृत्यूचा दाखला अजून काढलेला नाही.